वायंगणातली शील्डची मॅच

क्रिकेटचा हंगाम ही माणसाच्या चारित्र्याची खरी कसोटी असते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गोव्यातल्या आमच्या सर्वण गावात ही कसोटी भात कापून गवताच्या पेंढ्या उचलल्या की सुरू होते आणि कालव्याला पाणी सुटले की संपते. मधल्या काळात चारित्र्य तपासायला फारसा वाव मिळत नाही, कारण दर रविवारी कोणाची तरी सेकंड शिफ्ट असते.

मी गावच्या क्रिकेट क्लबचा अध्यक्ष आहे. माझे घर आम्ही खेळतो त्या शेताला लागून आहे आणि माझ्याकडे हातांची खुर्ची आहे. निवडीच्या वेळी ही दोन्ही कारणे उघडपणे सांगण्यात आली. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे, हे तिसरे कारण कोणीतरी मागाहून, सभ्यपणा म्हणून, जोडले. अध्यक्षाने मॅचच्या दिवशी अंपायर म्हणून उभे राहायचे असते, हे मला निवडून आल्यावर कळले. मग खुर्ची कशाला हवी होती, हे मी अजून विचारलेले नाही. तिच्यावर दोन्ही संघांचे मोबाइल ठेवलेले असतात.

पोर्तुगीज जाताना आमच्याकडे पाव, जनेल म्हणजे खिडकी, आणि फुटबॉल ठेवून गेले. क्रिकेट त्यांच्याकडेच नव्हते, ते कुठून ठेवणार? आमच्या भागात ते सावंतवाडीच्या बाजूने आले, खाणींवर ट्रक चालवायला आलेल्या माणसांबरोबर. आमच्या कप्तानाचे वडील त्यांतलेच. कप्तानही खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर तो तुयेच्या एका कारखान्यात लागला, आणि आता रोज डिचोली तालुक्यातून पेडणे तालुक्यात मोटारसायकलने जातो-येतो. ट्रकाच्या क्लचने त्याचा डावा गुडघा खाल्ला आणि क्रिकेटने उजवा. पूर्वी तो वेगात बॉलिंग टाकायचा. आता तो चार पावले चालत येतो आणि चेंडू सोडतो. फलंदाज वेगाची वाट पाहत राहतो आणि कधीकधी तेवढ्यात बाद होतो.

क्लबला संस्थेचे रूप यावे म्हणून मी थोडा हातभार लावला होता, तो असा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला एक जुने इंग्रजी पुस्तक मिळाले. कसरीने चाळण केलेले, पण वाचण्याजोगे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या तिकडच्या काउंटी क्लबांची त्यात हकीगत होती. ती राणी कधी आमची नव्हती, आमचा राजा लिस्बनला होता, त्यामुळे मी ते विनातक्रार वाचू शकलो. तिथे म्हणे हौसेने खेळणारे सभ्य गृहस्थ एका दरवाजाने मैदानात येत आणि पैसे घेऊन खेळणारे दुसऱ्या. जेवायलाही वेगवेगळे बसत. एखादा उमराव आश्रयदाता असे, तंबू असत, बँड असे, आणि मध्येच पाऊस येऊन या सगळ्याची फजिती करी.

हे मी क्लबच्या सभेत सांगितले. सभा म्हणजे माझ्या बलकांवावर, दारापुढच्या बैठकीवर, दाटीवाटीने बसलेले नऊ-दहा जण.

"म्हणजे आमच्यात पैशे घेवन खेळणारे कोण?" कप्तानाने विचारले.

सगळ्यांनी हात खिशात घातले.

"आणि सभ्य गृहस्थ?"

त्यालाही कोणी हात वर केला नाही. दोन्ही वर्ग रिकामे राहिले, आणि सगळे पूर्वीसारखेच, गुरे येतात त्या कुंपणाच्या फटीतून, आत येत राहिले. मात्र जेवणाची सुट्टी सभेला फार आवडली. ती तात्काळ मंजूर झाली. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून गोल उंडे पाव आणतो आणि नाक्यावरच्या हॉटेलातून पातळभाजीचा डबा येतो. शिवाय शील्डच्या मॅचला टेनिस बॉलऐवजी खरा कातडी चेंडू घ्यायचा आणि त्या दिवशी त्या पुस्तकातले जुने नियम पाळायचे, असेही ठरले. मी नियमांचा एक कागद तयार केला. तो कोणी वाचला नाही. पण भिंतीवर लावल्यावर क्लब जुना असल्यासारखा वाटू लागला.

शील्डची मॅच नदीकाठच्या आमोणे गावाशी असते, हंगामाच्या शेवटी. ही शील्ड कोणा एका माजी पंचायत सदस्याने दिलेली. तिच्या मधोमध मोठी सोनेरी पट्टी आणि तिच्यावर "क्रिकेट, विजेता संघ" अशी अक्षरे. सुरुवातीपासून ती आमोण्याच्याच ताब्यात. ते ती काचेच्या कपाटात ठेवत, मॅचच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत, माझ्या खुर्चीवर ठेवत, आणि संध्याकाळी तीच पिशवी घेऊन परत जात. आमच्यापैकी कोणाचा तिला कधी हात लागला नव्हता.

या वर्षी कप्तानाने दिवाळीतच जाहीर केले की हा त्याचा शेवटचा हंगाम. गुडघे आता जिना चढू देत नाहीत, क्रिकेट कुठले? पण जायच्या आधी एकदा, एकदाच, ती शील्ड घरी न्यायची. त्याच्या बायकोने हे ऐकले आणि शोकेसमधले मिक्सरचे रिकामे खोके काढून माळ्यावर टाकले.

"जागा केली आसा," ती म्हणाली. "शील्ड इली तर बरी. नाय तर खोको परत थंयच येतलो. पण बॅट माळ्यार जातली ती जातलीच."

शेताच्या मालकांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांचा आणि क्लबचा तोंडी करार आहे. सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात निघाले की वायंगण लावीपर्यंत, म्हणजे उन्हाळी भाताची रोपे लावीपर्यंत, शेत आमचे. कडेला त्यांनी अळसांदे, म्हणजे चवळी, लावलेले असतात. चेंडू कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कुंपणाला लागला तर चौका, अळसांद्यांत गेला तर फलंदाज बाद. तिकडच्या उमरावांना असा नियम सुचला असता तर त्यांच्या खेळात जास्त संयम आला असता.

या वर्षी कालव्याची दुरुस्ती निघाली आणि पाणी येईना. आबा रोज संध्याकाळी कोरड्या पाटाकडे बघून यायचे. आम्हीही बघायचो, वेगळ्या आशेने. त्यामुळे हंगाम लांबला आणि बराच चांगला गेला. कप्तानाने वारुळाची माती आणून पिच वीतभर उंच केले, खळे करतात तसे चोपण्याने चोपले आणि शेणाने सारवले. दोन मॅचेस आम्ही जिंकलो. एक सोडून द्यावी लागली, कारण शेजारच्या गावात जत्रेचा काला, म्हणजे रात्रभराचे दशावतारी नाटक, होता आणि आमचा यष्टिरक्षक त्यात स्त्रीपार्ट करतो. मॅचच्या सकाळी तो येतो तेव्हा त्याच्या भुवया कोरलेल्या असतात आणि डोळ्यांत काजळ असते. नवीन संघ त्यामुळे थोडे बिचकतात. आम्ही त्यांना काही सांगत नाही.

शील्डच्या आदल्या दिवशी संघ ग्रामदेवाच्या देवळात गेला. मॅचआधी गाऱ्हाणे घालायचे, हे आमच्याकडे बॅट नेण्याइतकेच स्वाभाविक. गाऱ्हाणे घालणारे काका देवस्थानचे मानकरी. लग्न असो, नवी स्कूटर असो, दहावीची परीक्षा असो, ते तोच सूर लावतात आणि योग्य जागी नवा विषय घालतात. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचे.

"हे बा देवा महाराजा," काकांनी सुरू केले, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत."

"होय महाराजा."

"उद्या ही आमोण्याच्या पोरांवांगडा खेळतली, तेंका येश दी."

"होय महाराजा." हे अर्थातच जोरात.

काका तिथे थांबले असते तर चालले असते. पण गाऱ्हाण्याला स्वतःची गती असते. रस्त्यावरचे संकट परतवून लावून झाले, पोराबाळांचे आजार झाले, बाहेरगावी नोकरीला गेलेल्यांची रखवाली झाली.

"गावचां शेतभात पिकू दी, कालव्याक पाणी येव दी, शेताशेतांत पाणी खेळता ऱ्हवां दी."

"होय महाराजा," संघ म्हणाला. कप्तान सगळ्यांत मोठ्याने.

सकाळी मी माझ्या जनेलातून बाहेर पाहिले तेव्हा शेतात आकाश दिसत होते. घोट्याएवढे पाणी, आणि त्यात एक बगळा शॉर्ट लेगला उभा. कप्तान बांधावर होता, हातात स्टंप.

"सर," तो म्हणाला, "आमीच म्हटलां न्हय?"

"म्हटलं खरं."

काका देवाची फुले काढून त्याच वाटेने येत होते. कप्तानाने त्यांना अडवले.

"काका, तुमका शेतातल्या पाण्याचां कोणी सांगलेलां?"

"सांगूक कित्याक व्हया? तां गाऱ्हाण्यात येताच," काका शांतपणे म्हणाले. "मधलांच वगळलां तर देवाक संशय येतलो."

पलीकडे आबा कुदळ घेऊन पाटाचे तोंड मोठे करत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतके आनंदात पाहिले नव्हते.

"आबा, आजचो एकच दिवस," कप्तान म्हणाला.

"पाणी इला. करार तो करार."

"शील्डची मॅच आबा. माझी शेवटची."

आबांनी शेताकडे पाहिले, मग त्याच्या गुडघ्यांकडे. त्यांचे स्वतःचे गुडघेही फार बरे नाहीत. "टिलर सांगलेलो आसा," ते म्हणाले. "तो कुळागराच्या कोनशापासून नांगरीत येतलो. तुमच्या पिचीर पोचासर खेळा. पोचलो काय मगे मी काय आयकूचंय नाय."

व्हिक्टोरियन क्लबांत संध्याकाळी घंटा वाजवून खेळ थांबवत असत. आमच्याकडे पॉवर टिलर आला.

पिच मात्र कोरडे होते. वीतभर उंच केल्यामुळे ते पाण्यातून वर आले होते, होडीच्या एखाद्या धक्क्यासारखे. आमोण्याचा टेम्पो आला. त्यांचा कप्तान फेरीबोटीवर कामाला आहे. तो शील्डची पिशवी घेऊन उतरला आणि बघत राहिला.

"तुमी आमका मॅच खेळूक बोलयलास काय तरवो लावूक?" त्याने विचारले. तरवो म्हणजे भाताची रोपे.

"भियेलास जाल्यार सांगा," आमचा यष्टिरक्षक काजळातून म्हणाला.

"चिखलाक भियेवक आमी काय पणजेचे?" आमोण्याचा कप्तान हसला. "आमी खाजनातले. चिखलात हात घालून आमी कुर्ली काढतो. तुमचो बॉल काय चीज."

कुर्ली म्हणजे खेकडा आणि खाजन म्हणजे नदीकाठची खाऱ्या पाण्याची जमीन. आमोण्याची माणसे तिच्यात लहानपणापासून वाढतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. हा अभिमान लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला आला. मी दोन्ही कप्तानांना नियमांचा कागद वाचून दाखवला. चेंडू सापडेनासा झाला तर क्षेत्ररक्षकाने "चेंडू हरवला" असे पुकारायचे, की फलंदाजांना सहा धावा मिळतात आणि खेळ थांबतो. पुकारले नाही तर धावा चालूच. दोघांनी "बरां, बरां" म्हटले. दोघांचेही लक्ष टिलरकडे होते.

आमोण्याने आधी फलंदाजी केली. खेळ लगेच नवे रूप घेऊ लागला. चेंडू पडेल तिथे "डबक" म्हणून थांबायचा. फलंदाज कोरड्या पिचवर मजेत धावायचे आणि आमचे लोक पोटरीभर चिखलातून एकेक पाय उपसत चेंडूकडे जायचे. एकाची चप्पल आत राहिली, तिच्यामागून तो राहिला, आणि तेवढ्यात चार धावा झाल्या. पण चेंडू ओला होऊन जड झाला तशी कप्तानाची संथ बॉलिंग आणखी संथ झाली आणि मोठे फटके मारणारे एकामागून एक हवेत झेल देऊ लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे बरे म्हणावे इतके रन झाले. सगळ्यांनी बांधावर बसून उंडे आणि पातळभाजी खाल्ली. टिलरवाल्यालाही दिली. तो खात होता तेवढा वेळ टिलर उभा होता, आणि आमच्या लोकांनी त्याला आग्रह करून तीनदा भाजी वाढली.

आमच्या फलंदाजीत आमोण्याचे लोक चिखलात खरोखरच पाणमांजरासारखे फिरत होते. चेंडू पडला की हात घातलाच आणि काढलाच. आमचे फलंदाज जात राहिले. दोघे अळसांद्यांत मारून बाद झाले, त्यांतला एक आबांचा पुतण्या, त्याला घरीही ऐकावे लागले असणार. शेवटी कप्तान आला, उजव्या पायाला पॅड, डाव्याला पट्टा. दुसऱ्या टोकाला यष्टिरक्षक. टिलर पिचपासून पंधरा-वीस हातांवर घुर्र करत होता आणि त्याच्या मागे गेलेल्या भागात ताकासारखा चिखल झाला होता.

ठरलेल्या षटकांतला शेवटचा चेंडू उरला आणि जिंकायला आठ धावा हव्या होत्या. छक्का मारला तरी हरणार. आमोण्याच्या एकाने शील्ड माझ्या खुर्चीवरून उचलून पिशवीत घातली. कप्तानाची बायको बांधावर आली होती. तिने ते पाहिले.

कप्तानाने मारला तो चेंडू लांब जाण्याऐवजी उंच गेला. खूप उंच. आमोण्याचा एक जण त्याच्याखाली आला, हात पसरले, मागे सरकला, आणि नांगरलेल्या चिखलात बसला. चेंडू त्याच्या शेजारी वरून सरळ आत घुसला. वर दोन बुडबुडे आले.

"धाव," यष्टिरक्षक ओरडला.

कप्तान धावला नाही, कारण त्याला धावता येत नाही. तो चालला. पलीकडे पोचला, वळला, परत चालू लागला. मी एक म्हटले, दोन म्हटले. आमोण्याचे तिघे त्या जागी गुडघ्यावर बसून चिखल चाचपत होते. मग पाच जण झाले. मग त्यांचा यष्टिरक्षकही हातमोजे काढून गेला.

"हंयच आसा."

"हाताक लागलेलो, निसाटलो."

"जरा तो टिलर बंद कर रे."

टिलरवाल्याने टिलर बंद केला. एकदम शांत झाले. फक्त कप्तानाच्या पॅडची चर्रचर्र. तीन. चार. टिलरच्या पात्यांनी चिखल इतका मऊ केला होता की हात कोपरापर्यंत जात होते. एकाला दगड मिळाला. एकाला आमच्या माणसाची चप्पल मिळाली. ती त्याने प्रामाणिकपणे बांधावर फेकली.

पाचव्या धावेला कप्तान मध्येच थांबला.

"दादा, वाईच बस," यष्टिरक्षक म्हणाला.

"बसलंय तर उठूचंय नाय," कप्तान म्हणाला आणि निघाला.

आमोण्याच्या कप्तानाला फक्त एक वाक्य म्हणायचे होते. "चेंडू हरवला" म्हटले असते तर सहा धावा, खेळ खलास आणि शील्ड टेम्पोत. त्यांच्यापैकी एकाने तसे सुचवलेही.

"हरवलो म्हणान सांगूं? चिखलात?" त्यांचा कप्तान खांद्यापर्यंत माखलेला हात वर करून म्हणाला. "आमोण्याक परत गेल्यार तोंड खंय दाखयतलंय?"

सहा. सात. आता बांधावरचे सगळे माझ्याबरोबर मोजत होते, कप्तानाची बायकोही. आठव्या धावेला कप्तान पिचवरून अशा सावकाश गतीने आला की एखादा संस्थानिक दरबारात येत असावा. बॅट टेकवली, आणि मग बसला. तो खरोखरच उठला नाही. त्याला दोघांनी उचलून बांधावर नेले, त्यामुळे दुरून पाहणाऱ्यांना ती मिरवणूक वाटली.

आमोण्याचा कप्तान शील्ड घेऊन आला. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळ्यांत हसू.

"सर, एक गोष्ट लिवन घेया," तो मला म्हणाला. "बॉल हरवलो अशें आमी म्हणूक नाय. तो थंयच आसा."

मी ते मान्य केले. काकाही तिथे होते. त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

"पाणी नसतां तर मेळतलो नाय बॉल?" ते म्हणाले. "देवान दोनय गोष्टी एकदम केल्यान. तुमकाच घाई."

आबांनी टिलर सुरू करायला सांगितले. संध्याकाळपर्यंत पिच गेले. वायंगण लागले आणि चांगले लागले. पुढे कापणीतही चेंडू कोणाला मिळाला नाही. आमोण्याचे लोक येता-जाता अजून चौकशी करतात.

कप्तानाने बॅट माळ्यावर टाकली, शब्दाप्रमाणे. मग महिन्याभराने ती खाली आली, कारण शील्ड राखायला पुढच्या वर्षी कोणीतरी लागणार आणि नुसते पॅड बांधून उभे राहायला गुडघे कशाला हवेत, असा त्याचा युक्तिवाद. बायकोने फार विरोध केला नाही. खोके माळ्यावरच राहिले आणि शील्ड शोकेसमध्ये, मधल्या कप्प्यात. पाहुण्यांना चहाआधी ती दाखवली जाते आणि आठ धावांची हकीगत उभ्याने सांगितली जाते. कप्तान प्रत्येक धावेला थोडा लंगडून दाखवतो.

चतुर्थीच्या आधी घराची साफसफाई निघाली तेव्हा त्याच्या बायकोने शील्ड चिंचेने घासली. मधली सोनेरी पट्टी ओली होऊन सुटली. खाली जुनी अक्षरे कोरलेली होती: "फुगडी स्पर्धा, उत्तेजनार्थ." तिने पट्टी डिंकाने परत चिकटवली.